ऑस्ट्रेलियातला पहिला बर्फाचा सीझन: शिकाऊ स्की किंवा स्नोबोर्ड इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर

इन्स्ट्रक्टर म्हणजे दिवसभर उतारावरून सुसाट घसरणारा माणूस, ही कल्पना आधी डोक्यातून काढा. पहिल्या सीझनमध्ये तुमचा बराचसा वेळ मॅजिक कार्पेटच्या आसपास जाईल. लहान मुलांना त्यांच्या ढाळावर वर नेणारा तो सरकता पट्टा. तिथे उतार नावापुरता असतो आणि समोर पाच-सहा वर्षांची मुलं असतात. कुणाचा हातमोजा हरवलेला, कुणाला शू लागलेली, कुणाला आई हवी. पगार मिळतो तो या तासांचा. हे काम आवडणार असेल तर पुढचं वाचा. फक्त स्वतःला स्कीइंग करायचं असेल तर सीझन पास घ्या आणि रिसॉर्टमध्ये दुसरं काम शोधा, ते परवडेल.

हा लेख ऑस्ट्रेलियापुरता आहे, त्याला कारण आहे. कॅनडा आणि जपानच्या वर्किंग हॉलिडे व्हिसाच्या (फिरता फिरता कामही करू देणाऱ्या) यादीत भारत नाही. ऑस्ट्रेलियाने मात्र २०२४ पासून भारतीय पासपोर्टला तसा दरवाजा उघडला आहे. शिवाय मेलबर्न-सिडनीत शिकणारे आणि स्थायिक झालेले मराठी लोक भरपूर आहेत. त्यांच्यासाठी बर्फ काही तासांच्या ड्राइव्हवर असतो आणि तरी फार थोडे जण या कामाकडे वळतात.

सीझन जूनमधल्या किंग्ज बर्थडेच्या लाँग वीकेंडला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या वीकेंडच्या आसपास संपतो. हे झालं कागदावर. खरा भरवशाचा बर्फ जुलै-ऑगस्टमध्ये. न्यू साउथ वेल्समध्ये पेरिशर, थ्रेडबो आणि शार्लट पास, व्हिक्टोरियात फॉल्स क्रीक, माउंट हॉथम आणि माउंट बुलर ही मोठी ठिकाणं. पेरिशर पसरट आहे, चार भाग मिळून एक रिसॉर्ट. थ्रेडबोचा माथा ते पायथा उंचीतला फरक सर्वांत जास्त, ६७२ मीटरचा. बुलर मेलबर्नहून साधारण तीन तासांवर, म्हणून वीकेंडला तुडुंब.

१. व्हिसा: काम करता येतं का, हा पहिला प्रश्न

वर्क अँड हॉलिडे, सबक्लास ४६२. भारतीयांसाठी वर्षाला १००० जागा आणि त्या सोडतीने. सोडतीत नाव घालायला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात, पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं. वय १८ ते ३०. पहिल्याच सोडतीला अर्ज चाळीस हजारांच्या घरात गेले होते, त्यामुळे नंबर लागेल असं धरून नोकरी सोडू नका. नंबर लागला तर मुख्य अर्जाला फक्त २८ दिवस मिळतात. तेवढ्यात पुढचं सगळं हाताशी हवं:

- बारावीनंतरच्या किमान दोन वर्षांच्या शिक्षणाचा पुरावा (पदवी झाली असेल तर उत्तमच)
- इंग्रजीचा पुरावा, आयईएलटीएसमध्ये सरासरी ४.५ पुरे
- खात्यात ५००० ऑस्ट्रेलियन डॉलरइतकी रक्कम आणि परतीच्या तिकिटाचे पैसे
- व्हिसा फी, ६५० डॉलरच्या पुढे
- मागितली तर वैद्यकीय तपासणी आणि पोलीस क्लिअरन्स

आयईएलटीएसची तारीख २८ दिवसांत मिळेलच असं नाही, म्हणून परीक्षा आधीच देऊन ठेवा. हा व्हिसा वर्षभराचा. एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, पण सीझनच चार महिन्यांचा असल्यामुळे ती अट आड येत नाही.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा, सुटीत मर्यादा नाही. विद्यापीठांची हिवाळी सुटी जून-जुलैत येते आणि शाळांच्या सुट्याही त्याच सुमारास. रिसॉर्टला माणसं हवी असतात नेमकी तेव्हाच. काही स्की स्कूल (रिसॉर्टमधल्या स्की-स्नोबोर्ड शिकवणाऱ्या शाळा) फक्त सुट्यांपुरते आणि वीकेंडपुरते इन्स्ट्रक्टर घेतात, त्यासाठी वेगळा अर्ज असतो.

सापळा: टूरिस्ट व्हिसावर तीन महिन्यांपर्यंतचा कोर्स करता येतो, म्हणून काही कंपन्या 'इन्स्ट्रक्टर कोर्स' विकतात. कोर्स करा हवं तर. पण त्या व्हिसावर शिकवायचं नाही. 'फक्त मदत करतोय, पैसे घेत नाही' हा खुलासाही धोक्याचा आहे.

२. स्वतःला किती यायला हवं

शून्यापासून सुरुवात करून त्याच सीझनमध्ये इन्स्ट्रक्टर होणारे असतात, पण ते महागडा दहा आठवड्यांचा कोर्स करतात. थेट हायरिंग क्लिनिकला, म्हणजे स्की स्कूलच्या भरतीसाठीच्या चाचणी-प्रशिक्षणाला, जायचं असेल तर निळ्या, म्हणजे मध्यम उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून, वेग ताब्यात ठेवून वळणं घेता आली पाहिजेत. स्नोबोर्डला निळ्या उतारावर दोन्ही बाजूंची जोडलेली वळणं, मध्ये न बसता.

भारतात शिकायचं तर गुलमर्गची सरकारी संस्था आयआयएसएम, औलीत गढवाल मंडळ विकास निगम आणि मनालीची पर्वतारोहण संस्था असे कोर्स घेतात, १४ दिवसांचे बेसिक आणि इंटरमीडिएट. जानेवारी ते मार्च हा काळ. बेसिकनंतर लगेच इंटरमीडिएट केलं तरी लेव्हल १ च्या (इन्स्ट्रक्टरच्या पहिल्या प्रमाणपत्राच्या) उंबरठ्यावर यायला आणखी दोनेक आठवडे सराव लागतो. दुबईत राहणाऱ्यांना स्की दुबई आहे. तिथला सर्वांत लांब उतार ४०० मीटर. तंत्र घासायला तो पुरतो, वेगाची सवय मात्र तिथे होत नाही.

अंगाची तयारी निदान आठ आठवडे आधी: स्क्वॉट, लंजेस, एका पायावर तोल, पोटाचे व्यायाम. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना एक आयता फायदा आहे. गड उतरताना मांड्यांवर जो ताण येतो, स्कीइंगमध्येही त्याच स्नायूंची परीक्षा असते. म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव करा, गुडघे जपून.

३. अर्ज आणि मुलाखत

भरती फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होते आणि मेपर्यंत बहुतेक जागा भरतात. जूनमध्ये बॅग घेऊन पोचून काम शोधायला गेलात तर हॉटेलात किंवा लिफ्टवर मिळेल, स्की स्कूलमध्ये अवघड.

सीव्हीत स्कीइंगच्या आधी मुलांसोबतचं काम लिहा. शिकवणी, बालवाडी, उन्हाळी शिबिर, पोहण्याचा किंवा कराटेचा क्लास, काहीही. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: गटात सहा मुलं आहेत, एक रडतंय, दुसऱ्याला खूप येतं म्हणून तो कंटाळलाय, काय कराल? त्याचं उत्तर तयार ठेवा. हिंदी येतं हेही लिहा. सिडनी-मेलबर्नहून येणाऱ्या भारतीय कुटुंबांची संख्या चांगली आहे आणि बर्फ पहिल्यांदाच पाहणाऱ्या आजी-आजोबांना आपल्या भाषेत समजावणारा माणूस स्की स्कूलला हवा असतो.

विचारून घ्यायच्या गोष्टी, लेखी: कोर्सची फी कोण भरणार, कोर्स पास झाल्यावर नोकरी नक्की की 'शक्यता', आठवड्याला किमान किती तासांची हमी, राहायची जागा मिळणार का, लिफ्ट पास आणि युनिफॉर्म कधीपासून.

४. पोचल्यावरचे कागद

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक अडलं की पुढचं अडतं.

*बँक खातं.* मोठ्या बँका भारतातूनच ऑनलाइन खातं उघडू देतात. पोचल्यावर शाखेत पासपोर्ट दाखवायचा.

*टॅक्स फाइल नंबर.* ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवल्यावरच ऑनलाइन अर्ज करता येतो, फुकट आहे. यायला २८ दिवसांपर्यंत लागू शकतात. पैसे घेऊन काढून देणाऱ्या साइटी टाळा. नंबर न देता काम सुरू ठेवलंत तर पगारातून पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास कर कापला जातो. अर्ज केला आहे असं मालकाला फॉर्मवर कळवलं तर २८ दिवसांची मुभा मिळते.

*वर्किंग विथ चिल्ड्रन चेक.* मुलांसोबत काम करणाऱ्याची सरकारी पार्श्वभूमी तपासणी. याच्याशिवाय कोणतंही स्की स्कूल मुलांच्या गटासमोर उभं करत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये ऑनलाइन अर्ज, मग ओळख पटवणं, मग शंभर डॉलरच्या आसपास फी. पाच वर्षं चालतो. हा राज्याचा कागद आहे: न्यू साउथ वेल्सचा व्हिक्टोरियात चालत नाही. कोणत्या राज्यात काम हे ठरल्याशिवाय काढू नका. सर्वांत जास्त जण इथेच अडकतात, कारण पासपोर्टवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळत नाही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि कधी ते पासपोर्टवर गिव्हन नेममध्येच असतं, कधी नसतंच. पासपोर्टवर जसं आहे तस्संच, प्रत्येक फॉर्मवर, शेवटपर्यंत.

काही स्की स्कूल प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही मागतात. ते मेलबर्न-सिडनीत एका दिवसात होतं.

५. राहायची जागा

सीझन कामाने कमी आणि घराने जास्त बिघडतो. पेरिशर-थ्रेडबोसाठी सगळे जिंडाबाईनला राहतात. गाव लहान, मागणी प्रचंड, भाडी हिवाळ्यात चढतात. डोंगरापर्यंत अर्धा-पाऊण तास. जिंडाबाईनला नाही मिळालं तर बेरिडेल किंवा कूमा, पण तिथून रोजचा प्रवास गाडीशिवाय अवघड. फॉल्स क्रीकसाठी माउंट ब्यूटी, हॉथमसाठी डिनर प्लेन किंवा हॅरिएटव्हिल, बुलरसाठी मॅन्सफील्ड आणि मेरिजिग. फॉल्स क्रीकच्या गावात हिवाळ्यात गाडी आत जात नाही, सामान बर्फावरच्या गाडीने न्यावं लागतं. भल्यामोठ्या सूटकेसऐवजी पाठीवरची बॅग बरी.

स्टाफ क्वार्टर मिळत असेल तर पहिल्या सीझनला डोळे मिटून घ्या, खोलीत तिघं असले तरी. खासगी जागा घेताना न पाहता पैसे पाठवू नका. फेसबुकवर दुसऱ्याच्या घराचे फोटो टाकून डिपॉझिट उकळणारे दर मे महिन्यात उगवतात. न्यू साउथ वेल्समध्ये रीतसर भाडेकरारात डिपॉझिट चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते घरमालकाच्या खिशात नाही, सरकारी रेंटल बाँड खात्यात जमा व्हायला हवं.

गाडी असेल तर चार गोष्टी: रेडिएटरमध्ये अँटिफ्रीझ, डिझेल असेल तर डोंगराजवळच्या पंपावरचं अल्पाइन डिझेल (साधं थंडीत घट्ट होऊन इंजिन सुरूच होत नाही), टायरवर चढवायच्या बर्फाच्या चेन आणि रात्री वायपर काचेपासून उचलून ठेवण्याची सवय. कोशियुस्को नॅशनल पार्कमध्ये टू-व्हील ड्राइव्ह गाडीत सीझनभर चेन बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे. घरापाशी कोरड्या अंगणात दोनदा चढवून पाहा. अंधारात, बोटं गोठलेली असताना पहिल्यांदा चढवायची वेळ येऊ देऊ नका. गाडी नको असेल तर स्टाफ बस किंवा बुलक्स फ्लॅटहून पेरिशरला जाणारी स्कीट्यूब रेल्वे.

खाण्याचं थोडक्यात. भारतातून येताना खाण्याची प्रत्येक वस्तू विमानातल्या कार्डावर जाहीर करा. दंड मोठा असतो, जाहीर केलेल्या वस्तूला मात्र दंड नाही, फार तर ती काढून घेतात. घरचं तूप, बिया, कडधान्यं आणायच्या भानगडीत पडू नका. बंद पाकिटातला गोडा मसाला जाहीर करून आणता येतो. डाळ-तांदूळ कॅनबेरा किंवा मेलबर्नच्या भारतीय दुकानातून भरून घ्या आणि छोटा कुकर नक्की ठेवा. पेरिशरच्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही.

६. सामान

युनिफॉर्मचं जॅकेट आणि पँट शाळा देते, बहुधा डिपॉझिट घेऊन. बाकीचं तुमचं.

बुटांवर सर्वांत जास्त पैसे घाला. स्की, बोर्ड, हेल्मेट जुनं-पानं चालेल (हेल्मेटला आपटल्याची खूण नको), बूट नाही. स्की बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, २६.५ असं. आतला मऊ बूट काढून नुसत्या कवचात पाय घाला, अंगठा पुढे टेकवा: टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा म्हणजे बरोबर. दुकानात 'आरामदायक' वाटलेला बूट तिसऱ्या आठवड्यात सैल होतो, मग पकडीसाठी बकल आवळत जाता आणि बोटं सुन्न पडतात. बोटं सुन्न झाली की लोक आणखी जाड मोजे घालतात आणि रक्त आणखी अडतं. एकच पातळ लोकरी मोजा, रोज धुतलेला.

स्की: हनुवटी ते नाकाइतक्या उंचीची, मध्यभागी ७५ ते ९० मिलिमीटर रुंद. त्याहून रुंद, पावडरसाठीची (ताज्या भुसभुशीत बर्फासाठीची) स्की इथे नको. सकाळी इथला बर्फ कडक असतो, दुपारी ओला. म्हणून कडा आठवड्यातून एकदा तरी घासाव्या लागतात. बाइंडिंगचं (बूट स्कीला अडकवणाऱ्या भागाचं) सेटिंग दुकानातच करून घ्या, वजन खरं सांगा.

गॉगलला दोन काचा: उन्हाची आणि ढगाळ दिवसाची. पाऊस हा इथल्या सीझनचा अविभाज्य भाग आहे, त्यामुळे स्वतःच्या सुटीच्या दिवसासाठी घेतलेलं जॅकेट खरोखर वॉटरप्रूफ हवं. हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण एक कायम ओली असते. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन, नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीही, ऊन बर्फावरून उलटं येतं. स्नोबोर्डवाल्यांनी मनगटाचे गार्ड आणि पॅडवाली चड्डी, लाज न बाळगता.

७. हायरिंग क्लिनिक आणि लेव्हल १

ऑस्ट्रेलियातल्या इन्स्ट्रक्टरांना प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणजे एपीएसआय. लेव्हल १ ते ४ अशा पायऱ्या. लेव्हल १ म्हणजे नवशिक्याला पहिल्या दिवसापासून जोडलेल्या वळणांपर्यंत सुरक्षितपणे नेता येतं, याचा दाखला. तुम्ही स्वतः किती थरारक उतरता हे त्यात कुणी पाहत नाही.

परीक्षेत दोन भाग: करून दाखवणं आणि शिकवणं. करून दाखवण्यात पोरं-पोरी नापास होतात ती वेगामुळे. स्नोप्लाव, म्हणजे पुढची टोकं जवळ आणि टाचा लांब असा पाचर आकार, अगदी हळू, दोन्ही बाजूंना सारखा, वरचं शरीर न डोलवता करायचा असतो. चांगलं स्कीइंग येणाऱ्यालाच हे जड जातं, कारण तो सवयीने लवकर समांतर होतो. रोज अर्धा तास हळू वळणांचा सराव ठेवा, मित्राला व्हिडिओ काढायला लावा. स्नोबोर्डवाल्यांना एक पाय मोकळा ठेवून सरळ घसरणं आणि थांबणं दोन्ही बाजूंनी यायला हवं. टी-बार लिफ्टही (उलट्या टी आकाराच्या दांड्याने वर ओढत नेणारी) आधी पक्की करा. पेरिशरला टी-बार खूप आहेत: दांडा पुढच्या मांडीच्या मागे, वजन पुढच्या पायावर, आणि बसायचं नाही. बसलात की पडलात.

शिकवण्याच्या भागात परीक्षक हे पाहतात:

- गट कुठे थांबवला. उताराच्या कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल असा. उंचवट्याच्या खाली कधीच नाही.
- ऊन आणि वारा विद्यार्थ्यांच्या पाठीला आहे का. तोंडावर घ्यायचा तो तुम्ही.
- किती बोललात. अर्ध्या मिनिटापलीकडे थंडीत कुणी ऐकत नाही.
- चूक दिसल्यावर कारण शोधलंत की लक्षणावर बोट ठेवलंत.

शेवटचं जरा उलगडून सांगायला हवं. विद्यार्थी मागे रेलतोय हे कुणालाही दिसतं. 'पुढे वाक' असं ओरडून काही होत नाही, कारण तो मागे रेलतोय ते भीतीने, आणि भीती आहे उतार जास्त असल्यामुळे. जागा बदला, चूक आपोआप निम्मी होते. तसंच स्कीची टोकं एकमेकांवर चढतात तेव्हा 'टोकं लांब ठेव' म्हणण्यापेक्षा बघा: एका पायाची टाच जास्त ढकलली जातेय का, की बुटाचं बकलच उघडं आहे? निम्म्या वेळा बकल असतं.

८. पहिला तास प्रत्यक्षात

स्की, मुलांचा गट. सपाटीवर एकच स्की घालून गोल फिरवा, मग दुसरा पाय. आडवी पावलं टाकत चार-पाच मीटर चढायला लावा, वळून सरळ घसरू द्या, समोर सपाट किंवा किंचित चढ असेल अशा जागी, म्हणजे ब्रेक न लावता थांबतील. मग पाचर. इथे 'पिझ्झा' आणि 'चिप्स' हेच शब्द चालतात, पिझ्झा थांबायला, चिप्स घसरायला. पाचर हाताने करून दाखवा, बुटाने बर्फावर काढून दाखवा, मग करायला लावा. थांबता येत नाही तोवर वळण शिकवायचं नाही, कितीही घाई असो. पालक कुंपणापाशी उभे राहून 'अजून वर नेलं नाही?' विचारतील. हसून उत्तर द्या, निर्णय बदलू नका.

वळताना: डावीकडे जायचं तर उजवा पाय दाबायचा. लहान मुलांना डावं-उजवं कळत नाही, म्हणून गुडघ्यांना रंगीत चिकटपट्टी लावून 'लाल बटण दाब' म्हणायचं.

स्नोबोर्ड, प्रौढांचा गट. कुठला पाय पुढे हे आधी ठरवा, हळूच मागून ढकलून कुठला पाय पुढे टाकतो ते पाहण्यापेक्षा सपाटीवर दोन्ही बाजूंनी घसरवून विचारा. मग एक पाय बांधून चालणं, घसरणं, मग दोन्ही पाय बांधून टाचेच्या कडेवर आडवं सरकणं. लोक तोंडावर किंवा पाठीवर जोरात आपटतात ते एकाच कारणाने: बोर्ड सपाट होतो आणि उताराकडची कड बर्फात रुतते. म्हणून वरची कड पकडून ठेवण्याचा कंटाळा येईपर्यंत सराव. पडताना हात पसरू नका, मुठी छातीशी, हे पहिल्या दहा मिनिटांत सांगा. मनगटं वाचतात.

चेअरलिफ्टवर मुलांना नेताना लहानातलं लहान मूल मोठ्या माणसाच्या शेजारी, बार खाली, काठ्या एका हातात. ऑपरेटरला आधीच खूण केलीत तर तो वेग कमी करतो. मुलं मोजायची: लिफ्टच्या आधी, नंतर, आणि स्वच्छतागृहाच्या आधी-नंतरही. दिवसअखेर मूल सोपवताना नाव आणि पालक तपासल्याशिवाय सोडायचं नाही.

९. लाइन-अप आणि पगार

सकाळी साधारण सव्वानऊला सगळे इन्स्ट्रक्टर ओळीत उभे राहतात आणि सुपरवायझर गट वाटतो. जुने आणि वरच्या लेव्हलचे आधी, शिकाऊ शेवटी. बऱ्याच ठिकाणी शिकवलेल्या तासांचेच पैसे मिळतात. गट मिळाला नाही तर त्या तासाचे पैसे नाहीत. जूनमध्ये बर्फ कमी, गिऱ्हाईक कमी, म्हणजे तुमचे तास सर्वांत कमी. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या शाळांना जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सुट्या असतात, तेव्हा उलट श्वास घ्यायला वेळ नसतो. हिशोब असा ठेवा: भाडं, खाणं आणि कोर्स मिळून पहिल्या पाच-सहा आठवड्यांचे पैसे घरून घेऊन जायचे, कमाई शून्य धरून.

तास वाढवायचे उपाय साधे आहेत. वेळेआधी पोचा. लहान मुलांचे गट आनंदाने घ्या, ते टाळणाऱ्यांची आठवण सुपरवायझरला राहते. स्की येणाऱ्याने स्नोबोर्डचं प्राथमिक शिकवणंही शिकून घ्यावं, आणि उलट. परत येणाऱ्या कुटुंबाने नाव घेऊन मागितलं तर बहुतेक शाळांत जास्त दर मिळतो, म्हणून मुलांची नावं लक्षात ठेवा.

दर अल्पाइन रिसॉर्ट्स अवॉर्ड या कायदेशीर तक्त्यानुसार ठरतात. प्रमाणपत्रानुसार वर्ग बदलतो, कॅज्युअल असाल तर वर २५ टक्के. लेव्हल १ पास झाल्यावर वर्ग बदलला का हे पुढच्या पेस्लिपवर तपासा. ४६२ व्हिसावर पहिल्या ४५००० डॉलरपर्यंत १५ टक्के कर, पहिल्या डॉलरपासून. मालक एबीएन (स्वतःच्या व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) काढायला सांगत असेल तर थांबा, पगारी नोकराला त्याची गरज नसते. आणि ओळखीच्यांना पैसे घेऊन बाजूला शिकवू नका. नॅशनल पार्कमध्ये त्यासाठी परवाना लागतो आणि पकडले गेलात तर पास आणि नोकरी दोन्ही जातात.

१०. दुखापत

कामावर असताना झालेली दुखापत मालकाच्या विम्यात येते. सुटीच्या दिवशी, किंवा शिकवून झाल्यावर मारलेल्या दोन फेऱ्यांत झालेली, येत नाही. भारतीय पासपोर्टवर मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये बाहेरच्यांना रुग्णवाहिकेचं बिल लागतं, हेलिकॉप्टर आलं तर फारच मोठं. पॉलिसीत 'विंटर स्पोर्ट्स' वेगळं लिहिलेलं हवं आणि सीझनभराचं काम चालतं का हे विचारा. बऱ्याच प्रवास विम्यांत फक्त काही दिवसांचं हौशी स्कीइंग धरलेलं असतं.

स्कीवाल्यांना गुडघ्याचं लिगामेंट आणि अंगठा सांभाळायचा. गर्दीच्या उतारावर काठीचा पट्टा मनगटात न अडकवणं हा अंगठ्याचा सोपा उपाय. स्नोबोर्डवाल्यांना मनगट आणि माकडहाड. बरेच अपघात दिवस संपत आल्यावर, थकलेल्या पायांनी 'शेवटची एक फेरी' मारताना.

११. सीझन संपताना

शिकवलेल्या तासांचा दाखला स्की स्कूलकडून सही-शिक्क्यासह घ्या, ऑक्टोबरनंतर ऑफिसात कुणी भेटत नाही. लेव्हल २ साठी आणि पुढच्या रिसॉर्टसाठी तो लागतो. युनिफॉर्म परत केल्याची पावती घ्या, नाहीतर डिपॉझिट अडकतं.

ऑस्ट्रेलियाचं करवर्ष १ जुलै ते ३० जून. म्हणजे जूनचा पगार एका वर्षात आणि बाकीचा सीझन पुढच्या वर्षात. रिटर्न दोन भरावी लागतात, हे पुष्कळांना उशिरा कळतं. पहिल्याची मुदत ३१ ऑक्टोबर. कायमचे परतणार असाल तर दुसरं वर्ष संपायच्या आधीही भरता येतं. मालकाने पगाराव्यतिरिक्त १२ टक्के सुपरॅन्युएशन फंडात (निवृत्तीसाठीच्या निधीत) भरलेलं असतं. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ते मागता येतं, पण वर्किंग हॉलिडेवाल्यांच्या त्या रकमेतून ६५ टक्के कर जातो, म्हणून त्या पैशांवर परतीचं तिकीट ठरवू नका. अर्जासाठी फंडाचं नाव आणि सदस्य क्रमांक लागतो. ऑस्ट्रेलियन सिम बंद करण्याआधी फंडाच्या खात्यात ईमेल आणि भारतातला नंबर टाकून ठेवा, ओटीपी तिथेच येतो.